नवे प्लग टाकले तरी गाडी पुन्हा मिसिंग मारतेय? टर्बो पेट्रोल ऑडी-बीएमडब्ल्यूवाल्यांसाठी

गाडी मिसिंग मारत होती (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नव्हतं, यालाच मिसफायर म्हणतात), गॅरेजवाल्याने प्लग बदलले, काही दिवस मस्त चालली आणि आता पुन्हा तेच. जुन्या जर्मन पेट्रोल गाड्यांबद्दल माझ्या कानावर येणाऱ्या तक्रारींत ही पहिल्या नंबरची. अशा वेळी प्लग दोषी असतो, पण बऱ्याचदा एकटा नसतो. नव्या प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी जिथे पडते ती टोकांमधली फट, कमी असते, त्यामुळे ठिणगी पाडायला व्होल्टेजही कमी लागतं. अर्धमेली कॉईल (प्लगला जोराचं व्होल्टेज पुरवणारा भाग) तेवढ्यावर काही दिवस निभावून नेते. मग तापून तापून ती आणखी खचते आणि नव्या प्लगलाही पुरी पडत नाही. मालकाला वाटतं प्लग नकली निघाले, गॅरेजवाला म्हणतो पेट्रोल खराब आहे. दोघंही कधी कधी बरोबर असतात, पण तपासल्याशिवाय कळायचं कसं?

खालचं सगळं बी८ पिढीच्या ऑडी ए४ मधलं १.८ टीएफएसआय इंजिन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण त्याचे प्लग मी सगळ्यात जास्त वेळा काढलेत. बीएमडब्ल्यूच्या एन२० इंजिनासाठी जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

लक्षणं

- सिग्नलला उभ्या गाडीची सीट आणि स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा किंचित वरखाली होतो.
- वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला अॅक्सिलेटर खोल दाबला की गचका बसतो. खंबाटकीच्या चढावर हमखास.
- सकाळी पहिल्या सेल्फला गाडी तीन सिलिंडरवर चालल्यासारखी वाजते, मिनिटभराने सुधारते.
- मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, अॅव्हरेज घटतं.
- इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

ही लक्षणं एकसारखी वाटली तरी एकच गोष्ट सांगत नाहीत. फक्त चढावर आणि टर्बो भरात असताना गचका बसत असेल, तर संशय प्लग-कॉईलवर. सिलिंडरमधला दाब जितका जास्त तितकी ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून अशक्त कॉईल आधी तिथे उघडी पडते. फक्त थंड इंजिनावर थरथर आणि नंतर सगळं ठीक, असं असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन किंवा इंजेक्टर डोक्यात ठेवा. आणि जी गाडी फक्त उभी असताना थरथरते, रस्त्यावर मात्र लोण्यासारखी चालते, तिथे बाहेरची हवा कुठून तरी आत शिरतेय का हे आधी बघायचं.

दिवा नुसता लागलेला असेल तर घरापर्यंत सावकाश या. लुकलुकत असेल तर अॅक्सिलेटर सोडा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे जळतंय. आतली जाळी वितळली की जो खर्च येतो त्यात प्लग आणि कॉईलचे कित्येक संच येतील. "थोडंच अंतर राहिलंय" म्हणून तसंच रेटणाऱ्यांनी टोइंगचे पैसे वाचवून कन्व्हर्टर घालवलाय.

फुकटची तपासणी: बोनेट उघडा आणि आठवा

पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न: हे सुरू व्हायच्या आधी काय झालं होतं? वॉशिंग सेंटरवर इंजिन प्रेशरने धुतलं असेल तर पाणी प्लगच्या खोल विहिरीत उतरलेलं असतं आणि ठिणगी प्लगच्या टोकावर न पडता बाहेरच्या बाजूने हेडला (सिलिंडरवरचा, प्लग बसतात तो धातूचा भाग) उडते. हाच प्रकार पावसाळ्यात, वायपरखालच्या पन्हळीत पानं कुजून निचऱ्याची भोकं बुजली की होतो. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी ती पन्हळ जूनच्या आधी हाताने साफ करावी, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा संशयित उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या उबदार इंजिनावर ते येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. कॉईलकडे जाणाऱ्या वायरींवरचं कापडी टेपचं आवरण बोटाने चाचपून बघा, खाली लेंड्या किंवा फोमचा चुरा दिसतो का ते बघा. तिसरं, गाडी महिनाभर उभी होती का? इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. तशा टाकीवर नवे प्लग टाकून उपयोग नाही. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेला ऑक्टेनचा आकडाही एकदा वाचा. या टर्बो इंजिनांना ९५ हवं असतं.

बॅटरी काढून "रिसेट" करू नका, कोणाला करूही देऊ नका. त्याने दिवा विझतो आणि पुरावाही पुसला जातो.

कोड वाचा

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारं साधं ब्लूटूथ ओबीडी यंत्र स्वस्तात मिळतं आणि मोबाइलवर कोड दाखवतं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०२ दुसऱ्याचा, असं पुढे. पी०३०० म्हणजे कुठलाही एक सिलिंडर धरून बोट दाखवता येत नाही, मिसफायर इकडे-तिकडे फिरतोय. हा फरक महत्त्वाचा आहे. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर दोष त्या सिलिंडरच्याच कॉईल, प्लग, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हमध्ये. पी०३०० सोबत पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचा कोड असेल, तर प्लगचं दुकान गाठायची घाई नको. तिथे हवेची गळती किंवा पेट्रोलचा दाब तपासावा लागतो.

कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली माहिती बघा: त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, भार किती. तिचा स्क्रीनशॉट घ्या. पुढे मेकॅनिककडे जावं लागलं तर तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो एक फोटो जास्त बोलतो.

सिलिंडर मोजताना गोंधळ होतो म्हणून सांगतो. ए४ आणि ३ सिरीजमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं असतं, आणि रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. ऑडी ए३ किंवा क्यू३ सारख्या आडव्या इंजिनात टायमिंग चेनकडचा पहिला.

कॉईलची अदलाबदल

समजा कोड पी०३०३ आहे. तिसऱ्या सिलिंडरची कॉईल पहिल्यावर टाका आणि पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०१ होऊन आला तर कॉईल गेली, विषय संपला. पी०३०३ च राहिला तर कॉईल निर्दोष, मग प्लगची अदलाबदल करून हाच खेळ पुन्हा. एक पैसा खर्च न करता मिळणारं हे सगळ्यात खात्रीचं उत्तर आहे, आणि तरी बहुतेक लोक ही पायरी गाळून थेट चार प्लग आणि चार कॉईल मागवतात.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर दोन्ही हातांनी सरळ वर ओढलं की रबरी बुशांतून सुटतं. या इंजिनावर कॉईल बहुधा नुसती दाबून बसवलेली असते, काही इंजिनांवर एक बोल्ट असतो, तो बघून घ्या. मी कॉईल आधी थोडी वर उचलतो आणि मग कनेक्टरचं लॉक दाबतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या लॉकचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं, आणि अडचणीच्या जागी बोट घालून दाबलं की कट्कन तुटतं. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकटू नका. कॉईल ओढायचं साधं हूक मिळतं, ते घ्या.

चालू इंजिनावर एकेक कॉईल काढून "कुठला सिलिंडर मेलाय" हे बघायची जुनी पद्धत या गाड्यांवर वापरू नका. हजारो व्होल्टचा झटका हा एक भाग, शिवाय कच्चं पेट्रोल परत कन्व्हर्टरमध्ये जातं.

प्लग काढून नीट बघा

१.८ टीएफएसआयला १६ मिलिमीटरचा प्लग सॉकेट लागतो. एन२० ला १४ मिलिमीटरचा, बारा टोकांचा आणि पातळ भिंतीचा. साधा जाड सॉकेट तिथे विहिरीत उतरतच नाही. प्लग आधी अर्धा वळसा सैल करा, मग विहिरीत हवा मारा आणि मगच पूर्ण काढा. तळाशी साठलेली वाळू नाहीतर सरळ सिलिंडरमध्ये जाते.

निघालेले प्लग १ ते ४ क्रमाने एका पुठ्ठ्यात खोचून ठेवा. आता जरा वेळ द्या, कारण हा प्रकार पुन्हा पुन्हा का होतो याचं उत्तर इथेच असतं.

टोक फिकट तपकिरी किंवा करडं: ठीक आहे, फक्त गॅप मोजा. कोरडी काळी काजळी: मिश्रण जाड, किंवा गाडी रोज दोन किलोमीटरच्या फेऱ्यांतच वापरली जाते. पांढरं फटक, फोड आलेलं टोक: प्लग जास्त तापतोय. इथे फक्त प्लग बदलून गाडी परत देणं धोक्याचं.

तेल दिसलं तर कुठे आहे ते बघा. वरच्या बाजूला, आट्यांच्या वर आणि कॉईलच्या रबरावर तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरकडून किंवा प्लगविहिरीच्या सीलमधून ते झिरपतंय. असं तेल कॉईलचं रबर फुगवतं, सैल करतं, आणि ठिणगी बाजूने पळते. नवे प्लग टाकून काही दिवसांनी पुन्हा त्रास होण्याचं कॉईलनंतरचं हेच मोठं कारण. खालच्या टोकावर ओलं, काळं तेल असेल तर ते सिलिंडरच्या आतून आलंय. या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांची पिस्टन रिंगांमुळे तेल खाण्याची खोड सर्वज्ञात आहे. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तुम्हाला किती तेल घालावं लागतं ते लिहून ठेवायला लागा.

पांढऱ्या सिरॅमिकवर दोन वेगळ्या खुणा असतात, त्यांची गल्लत होते. षटकोनाच्या लगेच वर तांबूस कडं दिसलं की "प्लगमधून गॅस लीक आहे" असं ऐकायला मिळतं. तसं नसतं. जोराच्या व्होल्टेजमुळे हवेतले तेलकट कण तिथे चिकटतात, एवढंच. त्याने काही बिघडत नाही. पण सिरॅमिकवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल, तर ती ठिणगीची पळवाट आहे. कॉईलच्या रबराच्या आत टॉर्च मारा, तशीच रेघ समोरासमोर सापडेल. अशा वेळी प्लग आणि रबर, किंवा रबर वेगळं मिळत नसेल तर पूर्ण कॉईल, दोन्ही एकदम बदलायचं. एकच बदललं तर जुन्याची रेघ नव्याला पुन्हा पोळते.

प्लग निवडताना

चॅसी नंबर देऊन मूळ पार्ट नंबर काढा आणि त्याच्याशी जुळणारा एनजीके किंवा बॉशचा प्लग घ्या. ऑडीच्या या इंजिन घराण्यात अनेक ठिकाणी एनजीकेचा पीएफआर७एस८ईजी लागतो, पण तुमच्या गाडीला तोच लागतो हे नंबर टाकून पडताळा. नुसतं "ए४ चा प्लग द्या" म्हणू नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिनं वेगवेगळी असतात. आटे लांबीला जास्त असलेला प्लग पिस्टनला लागू शकतो. मर्सिडीजच्या जुन्या एम११२ व्ही६ ला तर दर सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण १२ प्लग लागतात. सहा घेऊन घरी आलेला माणूस मी पाहिलाय.

प्लॅटिनम की इरिडियम यावर लोक उगाच भांडतात. दोन्ही टिकण्यासाठी असतात, ताकद वाढवण्यासाठी नाही. मूळ गाडीत जे आहे ते ठेवा. साधा निकेलचा प्लग चालतो, पण फार लवकर झिजतो आणि टर्बो इंजिनात गॅप वाढली की कॉईलवर ताण येतो. मग वाचवलेले पैसे कॉईलमध्ये जातात, आणि एका कॉईलच्या किमतीत प्लग बरेच येतात.

हीट रेंज, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो, हा आकडा बहुतेकांना चकवतो. एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये उलट, आकडा लहान तितका थंड. रिमॅप केलेल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) गाडीत एक पायरी थंड प्लग टाकतात, ते ट्यूनरला विचारून. मूळ गाडीत थंड प्लग टाकला तर पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तो स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापतच नाही आणि काजळी धरतो.

गॅप या टर्बो इंजिनांत साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हलक्या हाताने फक्त तपासा. इरिडियमच्या बारीक टोकावर जोर देऊन गॅप "सेट" करायला गेलात तर टोक तुटतं. गॅप चुकीची निघाली तर प्लग परत करा.

नकली प्लग बाजारात भरपूर आहेत, ऑनलाइनसुद्धा. खोक्यावरून ओळखायचा प्रयत्न सोडा, प्लग हातात घ्या. मधल्या टोकाच्या बरोब्बर वर बाहेरचा इलेक्ट्रोड आहे का, की किंचित तिरका? आट्यांवरून नख फिरवलं तर खरबरीत लागतं का? षटकोनावर बॅचचा नंबर स्पष्ट ठसलेला आहे का? वॉशर बोटाने फिरवून सहज निघून आला तर मी तो प्लग घेत नाही.

बसवताना

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. या प्लगना मुळातच मुलामा असतो आणि एनजीके स्वतःही लावू नका म्हणते. ग्रीस लावलं की तोच टॉर्क आट्यांवर जास्त ताण देतो.

प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा वीतभर तुकडा बसवा आणि त्यानेच प्लग विहिरीत सोडून हाताने फिरवा. आधी उलटा फिरवायचा. आटे जागेवर आले की बारीकसा टक् जाणवतो, मग सुलटा. आटे तिरके धरले तर नळी घसरते, पाना मात्र घसरत नाही, तो हेडचे आटे कापत जातो. अॅल्युमिनियमचं हेड आहे, गेलेले आटे परत येत नाहीत.

शेवटी टॉर्क पाना. १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, एन२० च्या १२ मिलिमीटरला २३. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. टॉर्क पाना नसेल तर वॉशरवाला नवा प्लग हाताने पूर्ण टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश वळसा, पुढे नाही. सैल राहिलेला प्लगही वाईट. त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि तो तापत राहतो.

कॉईल वरून सरळ दाबून बसवा, कनेक्टरचा क्लिक ऐका. कोड पुसा आणि आधी जिथे गचका बसायचा त्याच चढावर जाऊन या.

तरीही मिसिंग असेल तर

घरी करण्यासारखं एकच उरतं. इंजिन चालू ठेवून तेलाची टोपी हळूच उघडून बघा. ती आतून घट्ट ओढून धरलेली असेल, किंवा इंजिनावर शिट्टीसारखा आवाज असेल, तर ऑईल सेपरेटरचा (इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणारा भाग) रबरी पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. तो भाग बोल्टवर बसतो. हात सरावलेला असेल तर घरी बदलता येतो.

इथून पुढे जाणकाराकडे गाडी न्या. थेट इंजेक्शनच्या या इंजिनात पेट्रोल शंभर बारच्या वर दाबाखाली असतं, ती पाइपलाइन घरी सैल करायची नाही. व्हॉल्व्हवरचा कार्बन अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्याने उडवतात, त्याला यंत्र लागतं. काँप्रेशन आणि लीक-डाऊन (सिलिंडर दाब धरतो का, कुठून गळतो ते बघायची) चाचणीही त्यांच्याकडेच.

मध्येच थांबायचे प्रसंगही असतात. प्लग फिरताना करकरत जड होत असेल तर जोर लावू नका. सिरॅमिक तुटून विहिरीत पडलं असेल तर सेल्फ मारू नका. एखादाच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गास्केटचा संशय आहे. सेल्फ मारल्यावर चेनसारखा खडखडाट येत असेल तर मिसफायर विसरा, गाडी टो करून न्या. या इंजिनात टायमिंग चेन सटकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. आणि गाडीची वॉरंटी शिल्लक असेल तर पहिल्या पायरीलाच शोरूमला फोन करा.

गॅरेजला जाताना पुठ्ठ्यात खोचलेले जुने प्लग क्रमासकट न्या, कोडचा स्क्रीनशॉट आणि कॉईल कुठून कुठे हलवली ते लिहून द्या. बिलावर "प्लग-कॉईल काम" असं मोघम न घेता कोणत्या सिलिंडरचं काय बदललं आणि गाडी किती किलोमीटरवर होती, ते लिहून घ्या.